पपई, मटण आणि बाईंचा गाल

मागच्या आषाढात माझ्या पुतणीच्या मुलीनं पुण्याहून फोन केला. "आजोबा, तुम्ही औषधांच्या दुकानात जन्म काढलात ना? मग एक सांगा. मी गालांत फिलर भरून घेतलंय. आणि पोट फुगतं म्हणून रोज एन्झाइमच्या गोळ्या घेते. त्यानं गाल विरघळणार नाहीत ना?"

फिलर म्हणजे काय, ते तिनंच मला समजावलं. गालाला भर यावी म्हणून डॉक्टर सुईनं कातडीखाली काहीतरी घट्टसर सोडतात, ते. मला हसू आलं नाही. दुपारची वेळ होती, डोळे आपोआप मिटले, आणि मिटल्या डोळ्यांपुढं धाराशिवच्या ग्राहक भांडारातला धान्याचा काटा आला. त्यावर पाय जुळवून, पिशवी छातीशी धरून उभ्या असलेल्या विमलबाई ओव्हाळ.

"आजोबा, झोपलात का?"

"थांब गं, काट्याची दांडी अजून हलतेय," असं मी म्हणालो म्हणे. पोरीनं फोन आईकडं दिला.

दुष्काळ म्हटलं की लोकांना बहात्तर आठवतं. मी सांगतोय तो नंतरचा, ऐंशीच्या दशकातला. त्याला बहात्तरचा मान मिळाला नाही, पण विहिरी त्यानंही कोरड्या केल्या. तेव्हा गावोगाव सहकाराचं वारं होतं. दूध सहकारी, सूत सहकारी, साखर सहकारी, आणि आमच्या भांडारात तर खोकल्याचं औषधही सहकारी. पुढच्या दालनात साबण, तेल आणि कापड, मागं धान्याचं गोदाम, आणि पश्चिमेच्या खिडकीपाशी माझा औषध विभाग. गोदामातून ज्वारीची धूळ यायची, माझ्याकडून ओव्याच्या अर्काचा वास जायचा. दुपारनंतर ऊन खिडकीतल्या तपकिरी बाटल्यांतून आत शिरे आणि समोरच्या भिंतीवर मधाच्या रंगाचा एक मोठा डाग पडे. तो डाग हळूहळू सरकायचा. मी त्याच्याकडं बघत बसायचो. भांडारात मला पंत म्हणत, आणि पंत उघड्या डोळ्यांनी झोपतात असाही माझा लौकिक होता. तो अगदीच खोटा नव्हता.

बाहेरच्याला वाटतं, औषधवाला म्हणजे चिठ्ठी वाचून डबी काढून देणारा. खरं तर अर्धं काम ऐकण्याचं. कुणी नाव सांगत नसे. "ती कडू न्हवं, ती पिवळी, मागल्या पोळ्याला दिल्याली," एवढ्यावरून ओळखायचं. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडचा एक गृहस्थ बायकोचं दुखणं स्वतःच्या अंगावर बोट ठेवून सांगायचा, आणि सांगता सांगता त्यालाच दुखायला लागायचं. दोघांचं औषध घेऊन जायचा. बायको ठणठणीत असायची, असं पुढं कळलं.

त्या वर्षी सगळ्यांची पोटं बिघडलेली. टँकरचं गढूळ पाणी आणि जुनी, किडकी ज्वारी. त्यामुळं पाचक गोळ्यांना मागणी फार. ह्या गोळ्यांत काय असतं, तेही सांगून टाकतो. कच्च्या पपईला चीर दिली की पांढरा चीक येतो. तो वाळवून, साफ करून गोळीत घालतात. त्यात एक द्रव्य असतं, जे अन्नातल्या मांसाच्या धाग्यांसारख्या भागाचे बारीक तुकडे करतं. पुस्तकात त्याला विकर म्हणतात, डॉक्टर एन्झाइम म्हणतात. आपल्या पोटातही अशी विकरं असतातच. ती कमी पडली की बाहेरची मदतीला.

विमलबाई तेरच्या. नदीपलीकडच्या एका शाळेत शिक्षिका होत्या, तिशी ओलांडलेल्या, घरात फक्त आई. आठवडी बाजाराला एसटीनं धाराशिवला यायच्या आणि आईचं दम्याचं औषध माझ्याकडून न्यायच्या. लहानपणी गोवरानंतर त्यांच्या डाव्या गालात पू झाला, गाल आतून सडला. जीव वाचला, पण तिथं लिंबू मावेल एवढा खळगा राहिला. पहिली कित्येक वर्षं मी त्यांचा उजवा गालच पाहिला होता. पदराचा काठ दातांत धरून त्या काउंटरशी तिरक्या उभ्या राहत.

मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या मुंबईला गेल्या. तिथल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांच्याच पोटावरची चरबी काढून गालाच्या खळग्यात बसवली. परत आल्या तेव्हा काउंटरशी सरळ उभ्या राहिल्या. पदर खांद्यावर. मी भिंतीवरच्या मधाच्या डागाकडं बघितल्यासारखा नुसता बघत राहिलो.

त्याच म्हणाल्या, "भाऊ, लोकं म्हणत्यात, आता लग्न कर. मला लग्नासाठी न्हाई करायचं हुतं हे. इतकी वर्षं मी फळ्याकडं तोंड करून शिकवलं. पोरं खुसखुसायची. आता वर्गाकडं बघून शिकवते. पोरांची तोंडं कशी असत्यात, ते मला आत्ता कळायलंय."



दुष्काळ आला तो ह्यानंतर वर्षभरानं. बाईंचंही पोट बिघडलं. डॉक्टरांनी पाचक गोळ्या लिहून दिल्या, हातावरही चार ठेवल्या. त्या चार खाऊन, उरलेल्या घ्यायला त्या माझ्याकडं आल्या. मी पाकीट काढून समोर ठेवलं, तेवढ्यात नागनाथअण्णा आत आले.

अण्णांची तुळजापूरला बसस्थानकाजवळ मटणाची खानावळ. सोलापूरकडून येणारे भाविक देवीचं दर्शन घेऊन अण्णांकडं जेवायला बसत. माणूस गडगडाटी, बोलला की बाटल्या किणकिणत.

"पंत, ती पपईची गोळी द्या. पाकीट नगं, डबाच द्या."

"अण्णा, पोट एवढं बिघडलं?"

"माझं न्हाय हो, बोकडाचं!" अण्णा काउंटरवर थाप मारून हसले. "परसातल्या पपया वाळून गेल्या. आन् दुष्काळात जनावर मिळतंय ते म्हातारं, चामड्यावानी. कच्च्या पपईबिगर ते शिजंल व्हय? मंग एक अक्कल काढली. गोळ्या चुरायच्या, मटणाला चोळायच्या, घडीभर ठिवायचं. असं गळतंय म्हंता, नुसतं बोटानं तुटतंय! फकस्त चरबीचे गोळे तसंच ऱ्हात्यात. गिऱ्हाईक ताटात ठिवून उठतंय. त्याला काय गोळी हाय का तुमच्याकडं?"

मी शाकाहारी घरातला. माझ्या औषधाचा हा उपयोग ऐकून मला इतकं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसले. चष्मा परत लावला तेव्हा बाईंचा हात डाव्या गालावर होता.

"ऱ्हाऊ द्या भाऊ, ह्या गोळ्या," असं म्हणून त्यांनी पाकीट माझ्याकडं सरकवलं आणि त्या गेल्या.

त्यानंतर त्या काही बाजार आल्याच नाहीत. आल्या तेव्हा पदराचा काठ पुन्हा दातांत होता. बाई निम्म्या झाल्या होत्या, मी आधी ओळखलंच नाही. दुकानात दुसरं कुणी नाही असं बघून त्यांनी पदर बाजूला केला. भरलेला गाल खाली बसला होता.

"गळायलाय भाऊ. त्या चार गोळ्या मी आधीच खाल्ल्या हुत्या. माझी आई जुनाट मटणाला पपई चोळायची. सकाळचं दगडासारखं मटण दुपारी दोरा दोरा व्हायचं. माझ्या गालात तरी दुसरं काय हाय? मांसच की."

"आणि जेवण?"

"पोटात काय ठरत न्हाई. आन् ठरावं असंबी वाटंना. जे पचवणारं हाय तेच गाल खायलंय, असं वाटतंय मला."

मी त्यांना डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी गाल दाबून पाहिला, म्हणाले, गोळीनं असं होत नाही, काळजी करू नका, जेवा. ते बरोबरच बोलले. पण बाहेर तीसएक माणसं ताटकळत होती, त्यांना अधिक सांगायला सवड नव्हती. बाई पायरीवर येऊन थांबल्या. "डॉक्टरांनी कधी पपईचं मटण रांधलंय का, भाऊ?" एवढंच म्हणाल्या आणि एसटीकडं चालू लागल्या.

मी पुस्तकं चाळली. गिळलेली गोळी पोटात जाते, तिथं जठराच्या आम्लात आणि आतड्यात तिचेच तुकडे पडतात, रक्तातून वाट काढत ती गालात जाऊन बसायचा संभव फार कमी. हे सगळं मला पटलं. पण ज्या बाईनं दगडासारखं मटण दोरा दोरा झालेलं पाहिलंय, तिला आम्ल आणि आतडी सांगून काय उपयोग? सांगणारा कच्ची पपईसुद्धा फक्त भाजीसाठी चिरणारा.

त्या आठवड्यात माझं डोकं त्याच एका गोष्टीभोवती फिरत होतं. एका दुपारी वारा पडला होता. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मधाचा डाग भिंतीवर चढला आणि मला डुलकी लागली. स्वप्नात मी अण्णांच्या खानावळीत होतो. चुलीवर एवढं मोठं पातेलं की त्यात आमचा अख्खा बाजार बसला होता. भाजीवाल्या, हमाल, आमचे व्यवस्थापक, सगळे गळ्यापर्यंत रश्श्यात, आणि कुणालाच काही वाटत नव्हतं. गप्पा चालल्या होत्या. बोलता बोलता त्यांचे चेहरे विरघळत होते, आधी नाकं, मग हनुवट्या. मीही आत होतो आणि माझं नाक जाताना मला छान, ऊबदार वाटत होतं. शेवटी पातेल्यात कुणीच उरलं नाही. फक्त रश्श्यावर पांढरे पांढरे गोळे तरंगत होते, आणि काठावर उभे राहून अण्णा कुरकुरत होते, "हे काय गळंना बुवा."

मी दचकून जागा झालो. "चरबी!" असं मोठ्यानं म्हणालो. गोदामातून व्यवस्थापक ओरडले, "पंत, आपल्याकडं तूपसुद्धा नाही, चरबी कुठली?"

पुढच्या बाजाराला बाई आल्या, आईच्या औषधासाठी. मी त्यांना खुर्ची दिली. विचारलं, "बाई, मला स्वयंपाकातलं कळत नाही, म्हणून विचारतो. मटणाला पपई चोळली की त्यातल्या चरबीचं काय होतं?"

त्या बुचकळ्यात पडल्या. मग डोळे अर्धे मिटून आईच्या चुलीपुढं गेल्यासारख्या सावकाश बोलल्या. "मटण गळतंय. चरबी... न्हाई. चरबीचा खडा तसाच ऱ्हातो. तवंग सुटतो तो जाळानं. पपईनं न्हाई."

"अण्णांचीही तीच तक्रार होती त्या दिवशी. आणि मुंबईच्या डॉक्टरांनी तुमच्या गालात काय बसवलंय?"

 बाईंचा हात गालावर गेला. मग एकदम शिक्षिकेच्या आवाजात म्हणाल्या, "मंग बसायलाय कशानं?"

"तो गाल तुमच्या पोटाची लेक आहे, बाई. सासरी गेली म्हणून माहेर तुटतं का? माहेरी दुष्काळ पडला की लेकीचं तोंड उतरायचंच. तुम्ही जेवत नाही, अंगावरची चरबी उतरतेय, तशी गालातलीही उतरतेय. जेवा. गोळ्या घ्या म्हणजे जेवण पचेल. गाल भरेल."

"पुरावा?"

 मी इकडंतिकडं बघितलं, आणि मागच्या दारातून मला पोत्यांचा काटा दिसला. लोखंडी फळी, वर आडवी दांडी, दांडीवर सरकणारं वजन. म्हणालो, "दर बाजाराला ह्या काट्यावर उभ्या राहा. वजन चढलं आणि गाल भरला, तर मी खरा. वजन चढूनही गाल बसला, तर तुम्ही खऱ्या."

हमाल गालातल्या गालात हसले. बाईंनी त्यांच्याकडं अशी नजर टाकली, जी फक्त वर्गाकडं तोंड करून शिकवणाऱ्या शिक्षिकेलाच जमते. मग चपला काढून फळीवर चढल्या. दोन्ही बाजूंना ज्वारीची पोती, वर कौलांतून आलेली उन्हाची तिरीप, तिच्यात धूळ तरंगतेय, आणि मधोमध बाई, पिशवी छातीशी धरून. दांडी वर खाली, वर खाली होत राहिली. ती स्थिर होईपर्यंत आम्ही सगळेच श्वास धरून होतो, काय कारण होतं कुणास ठाऊक.

पहिल्या काही बाजारांना वजन हललंच नाही. एकदा तर थोडं उतरलं.  मी मनात म्हणायचो, एका खानावळवाल्याच्या तक्रारीवर आणि एका डुलकीवर मी ह्या बाईचा चेहरा पणाला लावला. ह्या बाईला पुन्हा फळ्याकडं तोंड करावं लागलं, तर मी कुठं तोंड दाखवू? बाजाराच्या आदल्या दिवशी मला जेवण जाईना. आमच्या मंडळींनी मलाच पाचक गोळी दिली.

मग कधीतरी वजनाचा ठोकळा दांडीवर पुढं सरकवावा लागला. हमालानं आरोळी ठोकली, "बाई, चढलं!" आणि पोत्याच्या हिशेबात किती ते सांगितलं. त्या दिवशी बाई पहिल्यांदा त्याच्याकडं बघून हसल्या. पुढच्या बाजारांना ठोकळा हळूहळू सरकत गेला. आणि एका दुपारी त्या माझ्या खिडकीशी आल्या, मधाच्या उजेडात डावा गाल धरला, म्हणाल्या, "बघा."

गाल भरला होता. पूर्वीइतका नाही. बोट टेकवलं तर कळेल एवढी खोलगट जागा राहिली होती. पण पदर खांद्यावर होता.

"शाळेत?" मी विचारलं.

"वर्गाकडं तोंड," त्या म्हणाल्या.

मला एवढा आनंद झाला, की मी त्यांना हिशेबात नसलेली लिमलेटची गोळी दिली. सहकारी क्षेत्रातला माझा तेवढाच गैरव्यवहार.

एक गोष्ट मात्र त्यांच्या मनातून गेली नाही. त्या जेवायच्या ते उजव्या बाजूनंच, डाव्या गालाला धक्का नको म्हणून. आणि पपईला त्यांनी नंतर कधी हात लावला नाही, अगदी पिकलेल्या, केशरी पपईलाही नाही. एकदा आमच्या घरी मंडळींनी फोडी पुढं ठेवल्या तर हात जोडून म्हणाल्या, "भाऊंवर विश्वास हाय वैनी. पपईवर न्हाई."

पुढं पाऊस झाला, बाटल्यांवरची धूळ गेली. मग हळूहळू सहकाराचंही काही खरं राहिलं नाही. भांडार बुडालं. तिथं आता मोबाइलची दुकानं आहेत. तो काटा कुणी भंगारात नेला, मला कळलं नाही. ते वाईट वाटतं. एवढी पोती तोलली त्यानं, पण आमच्या लेखी त्याचं एकच वजन मोलाचं होतं, ते कुणी लिहून ठेवलं नाही.

पुतणीच्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी नीट सांगितलं. तुझ्या गालात आहे ते चरबी नव्हे, वेगळं द्रव्य आहे. ते विरघळवणारं विकरही असतं, पण ते वेगळं, आणि डॉक्टर सुईनं तिथल्या तिथं सोडतात. गिळलेल्या पाचक गोळीनं तसं होतं असं काही भरवशाचं माझ्या वाचनात नाही. तरी ज्यांनी गाल भरला त्यांना गोळ्यांचं नाव सांग, आणि पोट कशानं फुगतं तेही बघून घे. ती म्हणाली, "पुरावा?" मी म्हटलं, बाई, आता माझ्याकडं काटा नाही.

आणि गेल्या दिवाळीच्या आधी विमलबाई अचानक घरी आल्या. दोघंही निवृत्त, दोघांच्याही हातात काठी. मंडळी गेल्या त्याला दोन वर्षं झाली, त्या भेटायला आल्या होत्या. अंगणात खुर्च्या टाकून बसलो. संध्याकाळचं ऊन तिरपं होतं, मला सवयीनं भिंतीकडं बघावंसं वाटलं. सुनेनं बशीतून काय आणलं ते मी पाहिलं आणि तिला खूण करणार, तोवर बशी पुढं आली. पपईच्या फोडी.

बाईंनी बशीकडं पाहिलं, मग चेहरा उजेडात धरला, जुन्या सवयीनं.

"भाऊ, गाल गळाला बघा अखेर."

मी नीट पाहिलं. डाव्या गालात खळगा होता. उजव्याही गालात होता. म्हातारपणानं काम बरोबर केलं होतं, अगदी मापून.

"पपईनं?" मी विचारलं.

"वयानं. पर दोन्हीकडनं सारखा. जन्मात पहिल्यांदा जोडी जमली माझ्या गालांची." त्या खदखदून हसल्या. पदर खांद्यावरच होता.

मग त्यांनी बशीतली फोड उचलली आणि डाव्या बाजूनं चावून खाल्ली.